नाकाएवढं बटण

आधी त्रिकोण काढला.
वर्तुळात, मोजून, अगदी मधोमध.
तरी तो डावीकडे सरकल्यासारखा दिसत राहिला,
बाकाच्या कडेला टेकलेल्या,
उठू की नको करणाऱ्या पाहुण्यासारखा.
मग दोन ठिपके उजवीकडे ढकलला.
आता तो मधोमध नाही, आणि मधोमध दिसतो.
तुगुलदुर म्हणाला, ही लबाडी झाली.
म्हटलं, डोळ्यांना एवढी चालते.

उलानबातरमधलं आमचं ऑफिस सहाव्या मजल्यावर.
गरम पाण्याच्या नळ्या भिंतीतून रात्रंदिवस गुरगुरतात
आणि बाहेर काहीही असो, आत आम्ही सगळे अर्ध्या बाह्यांत.
इथे बोटं उघडी असतात.
चूक तिथेच होती.
ती दिसायला बागानूरच्या रस्त्यावर जावं लागलं,

जानेवारीत, उणे चौतीसमध्ये,
पुरेवदोर्जच्या कोळशाच्या ट्रकमधून.
ट्रकचा हीटर दमेकरी.
पुरेवदोर्जच्या हातांवर दोन-दोन मोजे,
आतले लोकरीचे, वरचे कातड्याचे.
आमचा प्लेअर तो दोन वर्षं वापरतोय.
म्हटलं, गाणं लावा,
आणि वही उघडून बसले, कुठे अडतो ते टिपायला.

अडला नाही.
फोन तोंडाशी नेला, मान जराशी तिरकी केली
आणि नाकाने दाबलं.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, ते असं.
केबिनभर एका बाईचा आवाज,
एकाच अक्षरावर अख्खी टेकडी चढून
पलीकडच्या उताराला लागलेला.
मी लिहिलं: नाक.
खाली दोन रेघा मारल्या.

त्याच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत
एकशे बारा गाणी निघाली, त्याला न आवडणारी.
‘पुढचं गाणं’ आणि बदाम
आम्ही शेजारी-शेजारी ठेवले होते, छान दिसतात म्हणून.
नाकाला दोन्ही एकदमच लागतात.
गाण्याखालचे मिनिटांचे आकडेही त्याने कधी पाहिले नव्हते.
नलाइखपासून टोलनाका तीन गाणी, म्हणाला.
बर्फ असेल तर पाच.

मग फोन मेला.
बॅटरी चाळीस टक्के दाखवत होती, थंडीने एका घासात गिळली.
त्याने कोटाची दोन बटणं सोडली,
फोन काखेत ठेवला,
आणि अंड्यावर बसलेल्या कोंबडीच्या शांतपणे
गाडी हाकत राहिला.
अकरा किलोमीटर.
बाई उतारावर अर्ध्यातच उभी,
आणि आम्ही दोघं गप्प.

फोन जागा झाला तो थेट यादीच्या सुरुवातीला:
कुणाच्या तरी लग्नातलं ढणढण गाणं.
त्याने ते बंद केलं. चिडला नाही.
उरलेला उतार स्वतःच गायला,
बेसूर, घसा खरवडत,
शेवटच्या श्वासापर्यंत.
मला वही मिटून घ्यावीशी वाटली.

परत आल्यावर नाकं मोजली.
माझं, तुगुलदुरचं, जिना पुसणाऱ्या खोरोलमाबाईंचं.
बटण तेवढं केलं. बदाम लांब नेला.
आणि एक गोष्ट केली जी कुठेच दिसत नाही:
फोन मेला, तर जागा झाल्यावर गाणं तिथूनच सुरू होईल.
तिथूनच नाही. पाच सेकंद आधीपासून.
पाचच का, तुगुलदुरने विचारलं.
म्हटलं, तुटलेलं बोलणं पुढे न्यायचं
तर माणूस आधीचा शब्द एकदा परत म्हणतो.
तो म्हणाला, हे कागदावर कसं मांडायचं?
मला आलं नाही मांडता.

सगळं लोकांच्या हाती पडेपर्यंत एप्रिल उजाडला,
हातमोजे निघाले होते.

जूनमध्ये पुरेवदोर्ज भेटला.
उघड्या बोटांनी सिगारेट पेटवली,
आणि फोन नाकाशी नेला.
सवय, म्हणाला.
काचेवर एक तेलकट ठसा होता.
मी जवळून पाहिलं:
माझ्या त्रिकोणावर नाही, जरा डावीकडे,
वर्तुळाच्या खऱ्याखुऱ्या मध्यावर.